छोटे पोकलेन आणि चरात उतरलेला माणूस

वाचकहो, या सदरात आपण मधुमेह, रक्तदाब, सर्पदंश, लहान मुलांचे जुलाब अशा विषयांवर नेहमी बोलतो. आजचा विषय पोकलेनचा आहे. यंत्राचे आरोग्याच्या सदरात काय काम, असे कोणालाही वाटेल. गेल्या वर्षीच्या जूनपर्यंत मलाही तसेच वाटत होते.

माझ्या दवाखान्याचे सांडपाणी मागच्या बोळातून नगरपालिकेच्या चेंबरपर्यंत न्यायचे होते. बोळ जेमतेम आठ फुटांचा. मोठे यंत्र आत येणे शक्य नव्हते, म्हणून रबरी चेनचे छोटे पोकलेन सांगितले. मृग निघायला चार दिवस होते, वळवाचा एक पाऊस होऊन गेला होता आणि आभाळ भरून येत होते. भाडे तासावर ठरलेले. मी पेशंट तपासता तपासता दर अर्ध्या तासाने मागे जाऊन पाहत होतो. खरे सांगायचे तर कामापेक्षा घड्याळाकडे माझे जास्त लक्ष होते.

चेंबरजवळ चर साडेसहा फूट खोल गेला. रुंदी अडीच फूट. वरची चार फूट काळी माती, खाली मुरूम. उपसलेली माती बोळात जागा नाही म्हणून चराच्या काठालाच लावली होती. मी वरून डोकावून म्हणालो, "तळ नीट लेव्हलमध्ये आला पाहिजे बरे का, नाहीतर पाणी साचेल." ऑपरेटर काही बोलला नाही. त्याच्याबरोबरचा हेल्पर, वीस-एकवीस वर्षांचा पोरगा, "करतो साहेब" म्हणाला आणि फावडे घेऊन आत उतरला. यंत्र सुरूच होते, पुढचे खोदत होते. तो उकिडवा बसून तळ खरवडत असताना डाव्या हाताची भिंत एका दमात सुटली. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. पोते अंगावर पडावे तसा धप्प आवाज, इतकेच.

माती त्याच्या छातीपर्यंत आली. डोके बाहेर होते, डोळे उघडे होते, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. ऑपरेटरने घाबरून बकेट त्याच्याकडे वळवली, माती उचलायला. मी ओरडून यंत्र बंद करायला लावले. दोघांनी काठावर पालथे पडून आधी हातांनीच छातीपुढची माती काढली. दोन-तीन मिनिटांत तो श्वास घेऊ लागला. मग दवाखान्यातले जुने दार आणि बाकड्याच्या फळ्या आणून उरलेल्या भिंतीला टेकवल्या, वर बल्ल्या आडव्या ठोकल्या, काठावरची माती मागे ओढली आणि मगच एक माणूस आत उतरवला. पाय मात्र मांडीपासून खाली ओल्या मातीत असे रुतले होते की ते मोकळे व्हायला सव्वा तास लागला.

माझे वय आता साठीला आले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. दगड-मातीच्या जाड भिंती आणि धाब्यावरची माती अंगावर पडून माणूस कसा जातो, हे मी त्या वेळी पाहिले आहे. कित्येकांच्या अंगावर मोठी जखम नव्हती. ते गुदमरले होते. असे असूनही माझ्याच बोळात साडेसहा फूट खोल चरात मी एका पोराला उतरू दिले. उतरू दिले म्हणण्यापेक्षा उतरवले, हेच खरे.

माती मऊ असते, तिने काय होते, हा आपला पहिला गैरसमज. घरबांधणी केलेल्या प्रत्येकाला ब्रासचा हिशेब ठाऊक असतो. शंभर घनफुटांचा एक ब्रास. एक ब्रास मातीचे वजन साधारण साडेचार टन भरते, ओली असेल तर आणखी जास्त. त्या दिवशी सुटलेला भिंतीचा तुकडा सहा फूट लांब, चार फूट उंच आणि दीड फूट जाड होता. म्हणजे छत्तीस घनफूट, दीड टनाहून अधिक. आठ-दहा सिमेंटची पोती पडली असतील असे शेजारी म्हणत होते. प्रत्यक्षात तीस पोत्यांहून जास्त वजन त्या पोरावर होते.

छातीपर्यंत माती आली आणि डोके बाहेर राहिले, तरी माणूस मरू शकतो. आपण श्वास सोडतो तेव्हा छाती थोडी आत जाते. भोवतालची माती लगेच ती जागा भरते. पुढचा श्वास घ्यायला छाती फुगू शकत नाही. असे चार-सहा श्वास झाले की संपले. म्हणून आधी तोंड आणि छाती मोकळी करायची, हातपाय नंतर. आणि ते हातांनी, घमेल्याने किंवा छोट्या खुरप्याने. बकेटचे दात आणि मातीखालचा माणूस यांची भेट होता कामा नये. दोरी बांधून ओढणेही तितकेच वाईट, कारण अडकलेला पाय सुटत नाही, पण कंबर आणि मणका निखळतो.

आता दुसरा धोका. हा डॉक्टरांनाही फसवतो. पोराचे पाय मोकळे होत आले तेव्हा तो चांगला बोलत होता. पाणी मागत होता. "साहेब, मला काही झाले नाही, घरी जातो," म्हणाला. पाहणारेही म्हणाले, देवाची कृपा. मी मात्र शेवटची माती काढण्यापूर्वीच चरातच त्याच्या हाताला साध्या सलाईनची बाटली लावली होती. शेजारीच दवाखाना असल्याचा तेवढा फायदा झाला. कारण असे आहे. मांडीचे मोठे स्नायू तास-दीड तास दाबले गेले की ते मरू लागतात. त्यांच्यातले पोटॅशियम आणि स्नायूंचे लाल रंगद्रव्य तिथेच कोंडून राहते. वजन निघाले, रक्त पुन्हा वाहू लागले की हे सगळे एकदम शरीरभर जाते. पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडून माणूस जागीच जाऊ शकतो. तो वाचला तर रंगद्रव्य मूत्रपिंडात अडकते आणि लघवी काळ्या चहासारखी होते, मग बंद होते.

१९४१ साली लंडनवर बॉम्ब पडत होते, त्या वेळी डॉ. बायवॉटर्स आणि डॉ. बील यांनी हा प्रकार प्रथम नीट मांडला. ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेली, सुरुवातीला बरी वाटणारी माणसे काही दिवसांनी मूत्रपिंडे निकामी होऊन दगावत होती. आमच्या पोराची लघवी त्याच रात्री काळी झाली. १०८ ची गाडी वेळेवर आली होती आणि तो मोठ्या रुग्णालयात होता, म्हणून निभावले. तीन वेळा डायलिसिस करावे लागले. पंचवीस दिवसांनी तो घरी गेला. त्याला मी "जा घरी, आराम कर" म्हणून वेदनाशामक गोळी देऊन सोडले असते तर? ती गोळीही मूत्रपिंडाला जाचकच असते. चरात तासभर अडकलेला माणूस कितीही ठणठणीत दिसला तरी त्याला रुग्णालयात न्यायचेच, हे कृपा करून घरात सर्वांना सांगून ठेवा.

या घटनेनंतर गावात बहुतेकांनी ऑपरेटरला दोष दिला. मला ते पटत नाही. तो चोवीस वर्षांचा मुलगा. आधी हेल्पर होता, दोन दिवाळ्या यंत्राबरोबर फिरला आणि लिव्हर हातात आली. आपल्याकडे बहुतेक ऑपरेटर असेच तयार होतात. त्याला यंत्र चालवता येत होते, फार सफाईने येत होते. पण काम थांबवायचा अधिकार त्याला कोणी दिलेला नव्हता. काम सांगणारा मी, तासाचे पैसे देणारा मी, घाई करणारा मी आणि तळ सारखा करायला लावणाराही मीच. "साहेब, माणूस आत आहे तोवर मी यंत्र चालवणार नाही," असे तो म्हणाला असता, तर मी काय म्हणालो असतो, हे मला पुरते माहीत आहे. "अरे, तासाचे पैसे घेतोस ना?" असेच म्हणालो असतो.

म्हणून हा लेख मी ऑपरेटरांसाठी लिहीत नसून तुमच्यासारख्या, म्हणजे घर बांधणाऱ्या, शोषखड्डा खोदून घेणाऱ्या, शेतात पाइपलाइन टाकणाऱ्या लोकांसाठी लिहितो आहे. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाल्यापासून गावोगावी नळाचे चर खणले गेले. छोटे पोकलेन आता गल्लीबोळांत सहज दिसते. ते छोटे असल्यामुळे आपल्याला त्याचे भय वाटत नाही. मुले भोवती जमतात, म्हातारी माणसे खुर्ची टाकून बसतात. या छोट्या यंत्राचे वजन दीड टनापासून सहा टनांपर्यंत असते. माझ्याकडे आलेले तीन टनांचे होते, म्हणजे पूर्ण वाढलेल्या हत्तिणीइतके. हत्तीण बोळात आली असती तर आपण कडेला उभे राहिलो असतो का? हत्तिणीला निदान मागचे कळते. ऑपरेटरला बकेटची पलीकडची बाजू आणि स्वतःच्या पाठीमागचा भाग दिसत नाही.

अशा यंत्राचा हात पुरता लांबवला तर पंधरा-सोळा फूट पोचतो. तेव्हा बघ्यांनी ढोबळमानाने वीस फूट दूर राहावे आणि तेवढ्या अंतरावर दोरी बांधावी. लग्नात मांडवापुढे बांधतात तशी साधी दोरी पुरते. सर्वांत वाईट जागा म्हणजे यंत्राची पाठ आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली फट. यंत्र जागेवर गर्रकन फिरते, मागचे वजन भिंतीकडे येते आणि मध्ये उभा असलेला माणूस चेपला जातो. अरुंद बोळात ही फट दोन्ही बाजूंना असते. काही सांगायचे असेल तर ऑपरेटरच्या समोर, त्याला दिसेल असे उभे राहून हात वर करावा. त्याने बकेट जमिनीवर टेकवली, डाव्या हाताजवळची सुरक्षा लिव्हर वर उचलून इंजिन बंद केले, की मगच जवळ जावे. ही लिव्हर उचलली की हाताचे दांडे चुकून हलले तरी यंत्र हलत नाही. पुष्कळ ऑपरेटर ती न उचलताच खाली वाकून बोलतात. सदऱ्याची बाही किंवा गळ्यातला पंचा दांड्यात अडकला की बकेट फिरते.

यंत्र चराशी कसे उभे करायचे, हे ऑपरेटरचे काम. पण पाहणाऱ्यालाही ते कळले पाहिजे. चेन चराकडे सरळ तोंड करून हवी, आडवी नको. काठ खचू लागला तर सरळ मागे घेता येते. आडवे यंत्र आत कलंडते. हात लांबवून भरलेली बकेट बाजूला फिरवली की छोटे यंत्र मोठ्यापेक्षा लवकर डुगडुगते, कारण त्याचा पायाच अरुंद असतो. उतारावर चढ-उतार सरळ करावा, बकेट जमिनीलगत ठेवून, तिरपे कधीच जाऊ नये. आणि सीट बेल्ट. यावर ऑपरेटर हसतात. "पाच किलोमीटरच्या वेगाला बेल्ट कशाला?" म्हणतात. यंत्र कलंडताना माणूस स्वभावाने बाहेर उडी मारतो आणि ज्या बाजूला उडी मारतो त्याच बाजूला यंत्र पडते. वर लोखंडी सांगाडा दिलेला असतो तो आत बसलेल्याला वाचवण्यासाठी. बेल्ट लावून, घट्ट धरून आतच राहिलेला वाचतो.

विजेच्या तारांबद्दल थोडक्यात सांगतो. वर पाहिल्याशिवाय हात उचलू नये, तारेपासून दहा फूट तरी दूर राहावे. यंत्र तारेला लागलेच तर ऑपरेटरने जागेवरच बसावे आणि बाकीच्यांनी जवळ जाऊ नये. महावितरणकडून पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत खाली पाय ठेवू नये. जमिनीत लाल विटांची किंवा फरशीची ओळ लागली तर थांबावे, खाली केबल असण्याचा संभव असतो.

बकेट ही माणसे उचलायची शिडी नाही. पण आपल्याकडे पथदिवा लावायला माणूस बकेटमध्ये उभा करतात आणि निवडणूक जिंकली की याच बकेटमधून गुलाल उधळतात! पुढारी खाली हात जोडून उभे, वर बकेट, भोवती पाचशे माणसे. ज्या वस्तूवर आपण गुलाल टाकून नाचलो, तिच्यापासून वीस फूट दूर राहा असे पोरांना सांगितले तर ती ऐकतील कशी?

नियम नाहीत असे मुळीच नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारपत्राला सुरक्षेची नियमावली जोडलेली असते. तीत साफ लिहिले आहे की पाच फूट किंवा त्याहून खोल चराच्या भिंती एक तर पायऱ्या-उतार देऊन कापाव्यात, नाही तर लाकडी आधार द्यावा. चार फुटांहून खोल चरात शिडी हवी आणि ती काठाच्या वर तीन फूट निघालेली हवी. उपसलेली माती काठापासून पाच फूट किंवा चराच्या निम्म्या खोलीइतकी, यांतले जे जास्त असेल तितकी दूर टाकावी. खालून पोखरू नये. माझ्या बोळात यातला एकही नियम पाळला गेला नव्हता. बोळात पाच फूट जागाच नव्हती, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. मग माती थेट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरायची आणि बाहेर न्यायची. दोन खेपांचा खर्च. तो वाचवायला मी काठावर टनावारी माती रचू दिली आणि तिच्याच वजनाने भिंत सुटली.

आपल्या भागातल्या काळ्या मातीबद्दल एक गोष्ट विशेष सांगितली पाहिजे. उन्हाळ्यात ती दगडासारखी उभी राहते. दहा फूट सरळ कापली तरी हलत नाही, असे जुने विहीर खोदणारे सांगतात आणि ते खोटे नाही. पण उन्हाने तिला खोल भेगा पडलेल्या असतात. वळवाचे पाणी भेगांत उतरते, माती फुगते, मुरमावरचा तिचा थर घसरडा होतो. वरून भिंत कालच्यासारखीच दिसते. म्हणून एक पाऊस झाल्यावर कालचा चर हा कालचा राहिलेला नसतो. काठापासून हातभर आत समांतर भेग दिसली, तर चरातून सगळ्यांना बाहेर काढा, मग इंजिन बंद, मग विचार. आणि भिंत पडलीच तर दुसऱ्याने धावत आत उडी टाकू नये. एक भिंत पडली की समोरची किंवा उरलेली पडायला टेकलेली असते, आणि वाचवायला गेलेला तिच्याखाली येतो. एकाने १०८ ला आणि एकाने अग्निशामक दलाला फोन करावा, दाराची फळी, पलंगाची पाटी, जे मिळेल ते भिंतीला लावावे आणि मग उतरावे.

मुळात माणूस आत उतरवण्याची गरज किती असते? माझ्या चरात तळ सारखा करायला लांब दांड्याचे फावडे वरून चालले असते. बिनदाती रुंद बकेट लावून ऑपरेटरने तो स्वतःच केला असता. हे मला नंतर त्याच्याकडूनच कळले. आधी विचारले असते तर आधीच कळले असते.

ऑपरेटरच्या प्रकृतीवर स्वतंत्र लिहायला हवे. दिवसाचे बारा-बारा तास हादऱ्यांत बसून त्यांच्या कमरा तिशीतच जातात, कानात कापूस घालून आवाज अडत नाही, आणि वारंवार उतरावे लागू नये म्हणून पाणी कमी पितात, त्यातून मुतखडे होतात. माझ्याकडे येणाऱ्या ऑपरेटरांत मुतखड्याचे रुग्ण मला नेहमीच दिसतात. तुम्ही यंत्र सांगाल तेव्हा त्याला दर दोन तासांनी दहा मिनिटे उतरू द्या आणि तेवढे भाडे कापू नका. थकलेला माणूस मागे पाहत नाही.

आता त्या पोराविषयी. खर्च मी दिला. यंत्राच्या मालकाने हात वर केले आणि त्याच्याशी भांडायला माझी बाजूच पडती होती. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे त्याची नोंदणी असती तर थोडी मदत झाली असती. नोंदणीला वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. त्याने नव्वदहून कितीतरी जास्त दिवस काम केले होते, पण कुणाकडे दोन दिवस, कुणाकडे पाच. दाखला द्यायला एकही पुढे येईना. मी माझ्या तीन दिवसांचा लिहून दिला. बाकीच्यांच्या दारी तो आणि मी दोन रविवार फिरलो. शेवटी पंचाऐंशी दिवस जमले. ज्यांच्याकडे गेल्या वर्षी चर किंवा खड्ड्याचे काम झाले असेल आणि हा उंच, डाव्या पायाने किंचित लंगडणारा पोरगा हेल्पर म्हणून आला असेल, त्यांनी सायंकाळी सहानंतर दवाखान्यात यावे. पाच दिवस कमी आहेत.